आडात आहे, पोहऱ्यात दिसत नाही

(भिवंडी येथे स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी पाठ)



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याच हाताखाली मी जीवशास्त्राची बाराखडी शिकलो. आनुवंशिकतेचा धडा सुरू करताना गुरुजी आधी फळ्यावर एक म्हण लिहीत: ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ आम्ही पोरं हसायचो, कारण ही म्हण घरी नेहमी ऐकायला मिळायची आणि गणिताचा पेपर हातात पडला की हमखास. गुरुजी हसू ओसरू देत आणि म्हणत, “म्हण बरोबर आहे की नाही, ते धडा संपल्यावर सांगा.” धडा संपायचा, घंटा व्हायची, आणि ते सांगायचं राहून जायचं.

पुढे माझी उभी नोकरी रक्तपेढीत गेली. गुरुजींच्या त्या प्रश्नाचं उत्तर मला तिथे, एका रात्री मिळालं. ते आज इथे द्यायचं आहे. आपला विषय आहे डीएनए, म्हणजे सजीवाच्या जवळजवळ प्रत्येक पेशीतला तो आड. पण त्याच्याकडे मी रक्ताच्या वाटेनं जाणार आहे, कारण मला तीच वाट ठाऊक आहे.

सुरुवात मात्र कापडापासून करतो. मागांच्या भिवंडीत बोलताना ती तशीच व्हायला हवी. १८६९ साली जर्मनीतल्या ट्युबिंगेन गावी फ्रिडरिश मिशर नावाचा एक तरुण स्विस डॉक्टर रुग्णालयातून जखमांच्या वापरलेल्या पट्ट्या गोळा करून आणत असे. पट्ट्यांवरचा पू धुऊन काढायचा, त्यातल्या पांढऱ्या पेशी वेगळ्या करायच्या आणि त्या पेशींच्या केंद्रकात काय आहे ते पाहायचं, असा त्याचा उद्योग. त्याला तिथे एक पदार्थ मिळाला. तो प्रथिन नव्हता, आणि त्यात फॉस्फरस भरपूर होता. मिशरनं त्याला ‘न्यूक्लेइन’ असं नाव दिलं. आज आपण त्यालाच डीएनए म्हणतो. ज्या वस्तूवर साऱ्या सजीवांचा कारभार चालतो, ती पहिल्यांदा माणसाच्या हाती लागली ती फेकून द्यायच्या चिंध्यांमधून.

हा पदार्थ करतो काय, हे कळायला पंचाहत्तर वर्षं गेली. १९४४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ऑस्वल्ड एव्हरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूमोनियाच्या जिवाणूंवर प्रयोग करून दाखवलं की गुण एका जिवाणूतून दुसऱ्यात जातात ते डीएनएमुळे. मे १९५२ मध्ये लंडनमध्ये रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत क्ष-किरणांनी डीएनएचं ते प्रसिद्ध छायाचित्र टिपलं गेलं. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये वॉटसन आणि क्रिक यांनी दुहेरी पिळाची रचना प्रसिद्ध केली. हा मे १९५२ लक्षात ठेवा. त्याच महिन्यात आपल्या मुंबईतलीही एक बातमी लंडनमध्ये छापून आली होती. तिच्याकडे मी येणारच आहे.

डीएनए हा धागा आहे. आपल्या भाषेनं ते आधीच ओळखलं आहे. ज्याला इंग्रजीत क्रोमोसोम म्हणतात त्याला आपण गुणसूत्र म्हणतो, आणि सूत्र म्हणजे सूतच. माणसाच्या पेशीत अशी ४६ गुणसूत्रं असतात, २३ आईकडची आणि २३ वडिलांकडची. एका पेशीतला सगळा धागा उलगडून ताणला तर सुमारे २ मीटर भरेल. तो ज्या केंद्रकात गुंडाळून ठेवलेला असतो, ते केंद्रक मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान. इतकं सूत इतक्या जागेत बसवणारा आणि हवं तिथे गुंता न होता उलगडणारा मागाचा बीम अजून कुठल्याही कारखान्यात तयार झालेला नाही.

या धाग्यावर चार अक्षरं ओळीनं येतात: ए, टी, जी आणि सी. धागा दुहेरी असतो आणि समोरासमोरच्या अक्षरांची जोडी ठरलेली असते, ए समोर टी आणि जी समोर सी. त्यामुळे पेशीचं विभाजन होण्याआधी दोन धागे सुटे झाले की प्रत्येकावरून दुसरा तंतोतंत उभा करता येतो. आईकडची सुमारे ३०० कोटी आणि वडिलांकडची तेवढीच, अशी ६०० कोटी अक्षरं प्रत्येक विभाजनाआधी उतरवून काढावी लागतात. मागावर उभा धागा तुटला की कारीगर माग थांबवतो, गाठ मारतो आणि पुन्हा चालू करतो. पेशीतही असे गाठ मारणारे आहेत. चुकीचं अक्षर बसलं की ते मागे येतात, ते उपटतात आणि बरोबर अक्षर बसवतात. तरीही एखादी चूक निसटते. अशा निसटलेल्या काही चुका घेऊनच आपण प्रत्येक जण जन्माला आलो आहोत.

हे झालं जपणं आणि उतरवणं. तिसरं काम वाचण्याचं. धाग्याच्या ज्या तुकड्यात एखादी वस्तू कशी करायची याची कृती असते, त्याला जनुक म्हणतात. माणसात प्रथिनांची कृती सांगणारी जनुकं सुमारे २०,००० आहेत. मालक नक्षीचा मूळ कागद पेढीवर कुलपात ठेवतो आणि कारीगराच्या हाती नक्कल देतो, तसंच पेशी करते. मूळ डीएनए केंद्रकात राहतो आणि आरएनए नावाची नक्कल बाहेर जाते. तिच्यावरची तीन-तीन अक्षरं मिळून एक शब्द होतो, प्रत्येक शब्दाला एक अमिनो आम्ल, आणि अमिनो आम्लांची माळ झाली की प्रथिन तयार. आपल्या डोळ्यांच्या पेशीतही रक्ताचं जनुक असतं आणि यकृतातही असतं, पण तिथे ते कुणी वाचत नाही. आडात काय आहे हा एक प्रश्न, आणि त्यातलं उपसलं काय जातं हा दुसरा.

आता त्या रात्रीकडे येतो.

मी तेव्हा नवखा होतो. बाळंतपणासाठी दाखल झालेल्या एका बाईंना रक्त हवं होतं. बाहेरच्या एका प्रयोगशाळेच्या चिठ्ठीवर गट होता ‘ओ’. मी पेढीतली ओ गटाची पिशवी काढली, क्रॉसमॅच, म्हणजे रक्त जुळतं का याची चाचणी लावली, आणि नळीत रक्ताच्या गुठळ्या झाल्या. दुसरी पिशवी लावली, पुन्हा गुठळ्या. तिसरी, चौथी, तेच. ओ गटाचं रक्त ओ गटालाच चालेना. मला आधी वाटलं, माझाच हात चुकतोय. बाहेर बाकावर सासरची माणसं बसलेली. त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, “डॉक्टर, हिचा गट ओ, आमच्या मुलाचाही ओ. पहिलं मूल मात्र बी गटाचं निघालंय. असं होतं का हो?” प्रश्न रक्ताचा होता, पण रोख त्या बाईंच्या चारित्र्यावर होता. पुस्तकी नियमाप्रमाणे माझ्याकडे उत्तर ‘नाही’ असं होतं. मी ते दिलं नाही. खरं सांगतो, शहाणपणामुळे नव्हे, मी गोंधळलो होतो म्हणून.

उत्तर मुंबईत आधीच लिहून ठेवलेलं होतं. सेठ जी. एस. मेडिकल कॉलेज आणि के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. य. म. भेंडे यांना तीन व्यक्तींचं असं रक्त आढळलं की ते ए नव्हतं, बी नव्हतं आणि नीट पाहिलं तर ओ सुद्धा नव्हतं. भेंडे, देशपांडे आणि भाटिया या मुंबईकरांनी लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन आणि वॉटकिन्स या तज्ज्ञांच्या साथीनं त्याचा छडा लावला, आणि मे १९५२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात तो निबंध आला. फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत छायाचित्र निघालं तो हाच महिना. पुढे या गटाला जगभर ‘बॉम्बे ब्लड ग्रुप’ हे नाव पडलं. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं तेच राहिलं.

या गटाचं गणित सोपं आहे. तांबड्या पेशीच्या पाठीवर साखरेच्या छोट्या साखळ्या असतात. त्यांच्या टोकाला फ्युकोज नावाची एक साखर बसते आणि तयार होतो ‘एच’. एच ही भिंतीवरची खुंटी समजा. ज्याच्याकडे ए चं जनुक आहे तो त्या खुंटीवर ए चा सदरा टांगतो, बी चं जनुक असलेला बी चा. ज्याच्याकडे दोन्ही नाहीत त्याची खुंटी मोकळी राहते, तो ओ. म्हणजे ओ गटाच्या रक्तावर एच च्या खुंट्या सर्वांत जास्त. आता ज्याच्याकडे खुंटी ठोकणाऱ्या जनुकाच्या दोन्ही प्रतीच बिघडल्या आहेत त्याचं काय? त्याच्या पेटीत बी चा सदरा असेल, ए चा असेल, पण टांगायला जागा नाही. साध्या तपासणीत ए दिसत नाही, बी दिसत नाही, म्हणून चिठ्ठीवर लिहिलं जातं ‘ओ’. पण त्याच्या शरीरानं एच कधी पाहिलेलाच नसतो. म्हणून त्याच्या रक्तात एच विरुद्ध प्रतिपिंडं तयार असतात, आणि ओ गटाचं रक्त आलं की ती तुटून पडतात. आपण ज्याला सर्वांना चालणारं रक्त म्हणतो, तेच या माणसांना घातक.

खुंटी ठोकणारं हे जनुक एकोणिसाव्या गुणसूत्रावर आहे. त्यात जेमतेम अकराशे अक्षरांची कृती आहे आणि तिच्यातून ३६५ अमिनो आम्लांचं एन्झाइम तयार होतं. आपल्या देशातल्या बॉम्बे गटाच्या माणसांत या जनुकाच्या ७२५व्या जागी टी च्या ऐवजी जी आढळतो. त्यामुळे माळेतला २४२वा मणी बदलतो, ल्युसीनच्या जागी आर्जिनिन येतं, आणि एन्झाइम निकामी होतं. ३०० कोटी अक्षरांत बिघाड एका अक्षराचा. माणूस मात्र ठणठणीत असतो, उभ्या आयुष्यात त्याला काही जाणवत नाही. रक्त लागेल त्या दिवशीच कळतं.

इथे एक गंमत सांगतो. ज्या तांबड्या पेशीवर हा सगळा हिशेब लिहिलेला असतो, तिच्यात स्वतःचा डीएनए नसतो. हाडांतल्या मगजात तिचा जन्म होतो, दर सेकंदाला अशा सुमारे २० लाख पेशी तयार होतात. रक्तात उतरण्यापूर्वी ती आपलं केंद्रक टाकून देते, म्हणजे प्राणवायू वाहायला जागा मोकळी. मग सुमारे १२० दिवस ती आधी लिहून घेतलेल्या सूचनांवरच जगते. रक्तातून डीएनए काढायचा तर पांढऱ्या पेशींकडेच जावं लागतं, मिशरही त्यांच्याकडेच गेला होता.

आता त्या सासऱ्यांच्या प्रश्नाकडे. बाईंच्या पेटीत बी चा सदरा होता, खुंटी नव्हती. नवऱ्याकडे सदरा नव्हता, पण खुंटी धडधाकट होती. मुलाला आईकडून सदरा मिळाला आणि बापाकडून खुंटी. मूल बी गटाचं झालं, आणि ते त्या दोघांचंच होतं. १९५५ मध्ये अमेरिकेत फिलिप लेव्हिन आणि सहकाऱ्यांनी एका कुटुंबात हेच दाखवलं होतं: आईच्या रक्तात बी दिसत नाही, आणि मुलीला तो आईकडूनच मिळालेला असतो. आम्ही त्या बाईंच्या रक्ताचा नमुना परळच्या केंद्राकडे पाठवला. तिथे १९५७ पासून रक्तगटांची खास तपासणी चालत आली आहे. निदान पक्कं झालं. भावंडांत हा गट सापडण्याची शक्यता चारात एक असते, म्हणून सख्ख्या भावाला बोलावलं. त्याचं रक्त जुळलं. मी सासऱ्यांना बोलावून खुंटी आणि सदऱ्याची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “म्हणजे आडात होतं, फक्त दिसत नव्हतं.”

गुरुजींच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या गृहस्थांकडून मिळालं. म्हण चुकीची नाही, अर्धी आहे. आडात नसलं तर पोहऱ्यात येणार नाही, हे बहुतेक खरं. पण पोहऱ्यात दिसलं नाही म्हणून आडात नाही, असं म्हणता येत नाही. आणि एका पोहऱ्यात न आलेलं पुढच्या पोहऱ्यात वर येऊ शकतं.

मुंबईत पूर्वी झालेल्या पाहणीत या गटाचं प्रमाण सुमारे ७,६०० माणसांत एक असं आढळलं होतं. २०११ च्या जनगणनेत भिवंडी शहराची लोकसंख्या ७ लाख ९ हजारांच्या वर होती. तेच प्रमाण इथे धरलं तर या गावात नव्वदच्या आसपास माणसं अशी असतील. त्यांतल्या बहुतेकांच्या चिठ्ठीवर आज ‘ओ’ लिहिलेलं असणार. म्हणून ओ गटाचं रक्त ओ शी जुळलं नाही तर हात चुकला असं समजू नका, एच तपासा, हे मी तरुण तंत्रज्ञांना नेहमी सांगत आलो.

पण बॉम्बे गट विरळा आहे. ज्यासाठी मी आज मुद्दाम आलो, ती गोष्ट घराघरांत आहे. सिकलसेल आणि थॅलेसेमिया. दोन्ही आजार हिमोग्लोबिनचे, आणि दोन्हींत आडातलं पोहऱ्यात न दिसणं हाच धोका.

सिकलसेलमध्ये अकराव्या गुणसूत्रावरच्या जनुकात एका जागी ए च्या ऐवजी टी येतो. जीएजी हा शब्द जीटीजी होतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलीन बसतं, आणि प्राणवायू कमी झाला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. बारीक रक्तवाहिन्यांत अशा पेशी अडकतात आणि असह्य वेदना होतात. भारतात हा आजार प्रथम नोंदला गेला तोही १९५२ मध्येच, निलगिरीतल्या आदिवासींमध्ये. महाराष्ट्रात तो नंदुरबारपासून गडचिरोलीपर्यंतच्या आणि आपल्या शेजारच्या आदिवासी पट्ट्यांत आहे. ज्याच्याकडे बिघडलेली एकच प्रत आहे, त्या वाहकाला सहसा काही त्रास होत नाही, उलट हिवतापाच्या घातक प्रकारापासून काहीसं संरक्षण मिळतं. म्हणूनच जिथे हिवताप शतकानुशतकं होता तिथे हे अक्षर टिकून राहिलं. ज्याला आपण दोष म्हणतो, त्यानं एके काळी पोरं जगवली आहेत.

थॅलेसेमियात हिमोग्लोबिनची एक साखळी पुरेशी तयारच होत नाही. आजारी मुलाला दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आणि त्या रक्तातून साठणारं लोह काढायला औषधं घ्यावी लागतात, जन्मभर. आपल्या देशात शंभरांत तीन ते चार माणसं याची वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली अशा काही समाजांत प्रमाण जास्त आहे, पण कुठलाच समाज सुटलेला नाही. वाहक माणूस तुमच्या-माझ्यासारखा असतो. माग चालवतो, दुकान सांभाळतो, लग्न करतो. फार तर थोडा पंडुरोग, आणि तोही लोहाच्या गोळ्यांनी न हटणारा.

दोन वाहकांचं लग्न झालं की प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता असते की मूल आजारी होईल, दोन शक्यता की ते वाहक होईल, आणि एक की ते पूर्ण मोकळं राहील. ‘प्रत्येक’ या शब्दावर मी मुद्दाम जोर देतो. पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुटली, असं मानणारे सुशिक्षित आईबाप मी पाहिले आहेत. निसर्ग हिशेबाची वही ठेवत नाही. दर वेळी नाणं नव्यानं उडतं.

कुणी विचारेल, मग डीएनए म्हणजे नवी कुंडलीच की. तसं नाही. कुंडली बदलता येत नाही, असं सांगणारा सांगतो. डीएनएवरचं अक्षर आपण सहसा बदलू शकत नाही हे खरं, पण ते वाचून आपला निर्णय बदलू शकतो. आणि एका अक्षरावरून माणसाचा स्वभाव, अक्कल किंवा लायकी सांगता येत नाही. ‘आमच्या रक्तातच आहे’ असं मिशीवर ताव देऊन म्हणणाऱ्यांना मी इतकंच सांगेन की कुठल्याही दोन माणसांचा धागा एकमेकांशी ९९.९ टक्क्यांच्या आसपास जुळतो. या गावानं १९७० ची दंगल पाहिली, १९८४ ची पाहिली. रक्तपेढीच्या पिशवीवर गट लिहिलेला असतो, चाचण्यांचे निकाल आणि मुदत लिहिलेली असते. जात-धर्माचा रकाना नसतो, आणि तो मागणारा रुग्ण मी मध्यरात्री कधी पाहिला नाही.

भिवंडीत आझमगड-मऊकडून आलेले अन्सारी विणकर आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली आहेत, कोकणी मुसलमान आहेत, आगरी-कोळी आहेत, पाड्यांवरचे आदिवासी बांधव आहेत, गुजराती-मारवाडी व्यापारी आहेत. प्रत्येकाच्या आडात काही ना काही न दिसणारं आहेच. ज्या समाजांत नात्यातच लग्नं होतात, तिथे दोन सारखे बिघाड एकत्र येण्याची शक्यता वाढते, आणि आत्या-मामाच्या मुलांतली सोयरीक अनेक धर्मांत आणि जातींत चालते. म्हणून हे सांगणं कुणा एकासाठी नाही.

आता मागणं. १ जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम चालू आहे. तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य ठरवलं गेलं, आणि २०४७ पर्यंत हा आजार हटवायचा आहे. आपल्या पाड्यावर तपासणी आली तर बोट पुढे करा आणि मिळणारं कार्ड जपून ठेवा. ‘वाहक’ असा शेरा पडला म्हणून मुलीचं लग्न मोडू नका. वाहक असणं हा आजार नाही. फक्त जोडीदाराची तपासणी करून घ्या. थॅलेसेमियासाठी हिमोग्लोबिनची एचपीएलसी नावाची तपासणी असते, ती आयुष्यात एकदा पुरते. दोघंही वाहक निघाले तरी दारं बंद होत नाहीत. गरोदरपणाच्या दहाव्या ते बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करता येते आणि निर्णय आईबापांच्या हाती राहतो.

लग्न ठरवताना आपण घराणं विचारतो, शेतीवाडी विचारतो, माग किती ते विचारतो, पत्रिका काढतो. त्या पत्रिकेच्या पाकिटात रक्ताच्या तपासणीचा एक कागद घाला. मुलाचाही घाला, मुलीचाही घाला. मुलीचाच मागू नका. आडात डोकावायला हल्ली दोर लागत नाही, रक्ताचे काही थेंब पुरतात.

गुरुजींना द्यायचं राहिलेलं उत्तर आज दिलं.